नाण्यातला दोष टांकसाळीतला की नंतरचा? कसं ओळखायचं

अक्षरं दोनदा उमटल्यासारखी दिसतात. कडेचा तुकडा गायब असतो. वर्षाचा एखादा आकडा पुसलेला असतो, किंवा नाण्याची एक बाजू तांब्याच्या रंगाची निघते. हे एरर कॉइन, म्हणजे टांकसाळीत चूक होऊन बिघडलेलं नाणं, असणार असं लगेच मनात येतं, फोटो काढून चार जणांना दाखवला जातो आणि चार वेगळी उत्तरं मिळतात. हा घोळ वारंवार होतो, कारण आपण नाणं कसं दिसतं एवढंच जुळवून बघतो. एखाद्या प्रसिद्ध एरर नाण्याच्या फोटोसारखं दिसलं की तेच समजतो. पण यंत्रात चेंगरलेलं, ॲसिडात पडलेलं किंवा पकडीत दाबलेलं नाणंही पहिल्या नजरेला तसंच दिसू शकतं. त्यामुळे आधी एकच गोष्ट ठरवायची: हा दोष ठोका पडण्याआधीचा आहे, ठोक्याच्या क्षणाचा आहे, की नंतरचा?

यासाठी नाणं कसं घडतं हे डोळ्यांपुढे असायला हवं. धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापल्या जातात. त्या तापवून मऊ करतात. मग एका यंत्रात कडेने दाब देऊन त्यांचा काठ थोडा उचलतात. अशी कोरी चकती कॉलर नावाच्या पोलादी कड्यात बसते, वर आणि खाली एकेक डाय, म्हणजे नक्षी उलटी कोरलेला पोलादी ठसा, असतो आणि प्रचंड दाबाच्या एकाच ठोक्यात छापा, काटा आणि कड तिन्ही तयार होतात. त्या दाबाखाली थंड धातू अक्षरशः वाहतो आणि डायच्या खोलगट भागांत शिरतो. कॉलर त्याला बाहेर पसरू देत नाही.

यातून तीन गोष्टी निघतात आणि पुढची सगळी तपासणी त्यांवरच उभी आहे. पहिली: चकतीत आधीच काही बिघडलेलं असेल तर ठोक्याच्या वेळी धातू त्या बिघाडाच्या हिशेबाने वाहतो, आणि त्या वाहण्याची खूण नाण्यावर राहते. दुसरी: दोन्ही बाजू एकाच ठोक्यात घडत असल्यामुळे एका बाजूच्या खऱ्या दोषाचा पडसाद बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूवर त्याच जागी मिळतो. तिसरी: डायवर जे खोल असतं ते नाण्यावर उंच येतं. म्हणून डायला तडा गेला तर नाण्यावर उंच रेघ दिसते, आणि नाण्यावर नंतर ओरखडा पडला तर ती रेघ खोल असते. डाय तडकलाय असं सांगून दाखवल्या जाणाऱ्या कितीतरी नाण्यांचा निकाल एवढ्या एका फरकावर लागतो.

आधी मोजा, मग बघा

दहापट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, व्हर्नियर कॅलिपर, लहान लोहचुंबक आणि हलवता येणारा एक दिवा एवढं पुरतं. शिवाय त्याच प्रकारचं एक साधं, चांगल्या अवस्थेतलं नाणं जवळ हवंच. ते नसेल तर तुलना करायची कशाशी?

वजन आणि व्यास टांकसाळीने जाहीर केलेल्या मापांशी ताडून पाहा. टांकसाळीच्या मापातही थोडी सूट असते. उदाहरणार्थ, अमेरिकेचं १९८२ नंतरचं एक सेंटचं नाणं २.५ ग्रॅमचं, पण त्यात ०.१ ग्रॅम इकडेतिकडे चालतं. तेव्हा शेवटच्या दशांशातल्या फरकावरून काही ठरवू नका. मात्र वजन कोणत्या दोषासोबत किती बदलायला हवं हे पाहणं फार उपयोगी आहे. ठोका मध्यभागी न पडलेलं किंवा कॉलरशिवाय पसरलेलं नाणं पूर्ण वजनाचं असलं पाहिजे, कारण धातू कुठे गेलेला नसतो. तुकडा कमी असलेलं नाणं हलकं भरणारच. घासलेलं किंवा ॲसिडात ठेवलेलंही हलकं भरतं, आणि इथे वजन एकटं पुरत नाही.

दिवा एका बाजूने, अगदी खालच्या कोनात धरा आणि नाणं हळूहळू फिरवा. उंच भागाची दिव्याकडची बाजू उजळते. खोल भागाची दिव्यापासून दूरची भिंत उजळते. फोटोत खोल रेघ उंच भासण्याचा प्रकार सर्रास होतो. दिवा कुठे होता हे कळलं नाही तर फोटोवरून मत देणं अवघड असतं.

आणि नाणं स्वच्छ करू नका. घासण्याने पृष्ठभागाची मूळ झळाळी आणि धातूच्या वाहण्याच्या बारीक रेषा जातात, आणि नेमका तोच आपला पुरावा असतो.

अक्षरं किंवा आकडे दुहेरी दिसतात

सगळ्यांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून यावर थोडं थांबू.

खरा डबल डाय म्हणजे डायच दुहेरी असणं. जुन्या पद्धतीत हब नावाचा उठावाचा मूळ ठसा डायवर एकापेक्षा जास्त वेळा दाबावा लागत असे. दुसऱ्या दाबाच्या वेळी दोन्हींची जागा जराशी चुकली, तर डायवर प्रतिमा दुहेरी कोरली जाई, आणि मग त्या डायने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर तीच दुहेरी प्रतिमा येई. अमेरिकेचं १९५५ सालचं एक सेंट हे याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण. त्याच्या छाप्यावरचं वर्ष आणि अक्षरं नुसत्या डोळ्यांनाही दोन दिसतात, आणि अशी सुमारे २०,००० ते २४,००० नाणी चलनात गेल्याचं मानलं जातं.

अशा दुहेरीपणात दोन्ही प्रतिमा गोलाईदार आणि पूर्ण उंचीच्या असतात. अक्षराच्या टोकांशी स्पष्ट खाच दिसते, जणू टोक चिरून दोन झालंय. अक्षर एकूण रुंद होतं.

मशीन डबलिंग वेगळं. ठोका पडून गेल्यावर सैल झालेला डाय किंचित सरकतो किंवा उसळतो आणि नुकत्याच उमटलेल्या अक्षराची बाजू खरवडून खाली ढकलतो. त्यामुळे अक्षराशेजारी एक सपाट, चकचकीत पायरी तयार होते. ही पायरी अक्षराच्या धातूतूनच बनलेली असल्याने मूळ अक्षर तेवढं बारीक होतं. साध्या नाण्यावरच्या त्याच अक्षराशी जाडी ताडून पाहा. पायरी धरून जेवढी रुंदी होते तेवढीच साध्या नाण्यावरच्या अक्षराची रुंदी असेल, तर ते मशीन डबलिंग. हे टांकसाळीतच घडतं, तरी संग्राहक त्याला डबल डायचा मान देत नाहीत, कारण डायमध्ये काहीच दोष नसतो.

तिसरा प्रकार डाय झिजल्याचा. हजारो ठोक्यांनी डायवरच्या अक्षरांच्या कडा पसरतात आणि नाण्यावर अक्षराभोवती धूसर सावली येते. खाच नसते, पायरीही नसते, सगळंच मऊ आणि सुजलेलं दिसतं. १९५५ च्याच काही सेंटवर शेवटचा ५ असा दुहेरी भासतो. ते झिजलेल्या डायचं नाणं आहे, वरच्या प्रसिद्ध नाण्याशी त्याचा वर्षापलीकडे संबंध नाही.

तांब्याचा मुलामा असलेल्या जस्ताच्या नाण्यांत आणखी एक फसवणारी गोष्ट होते. ठोक्याच्या ताणाने अक्षराच्या काठाशी मुलामा फाटतो आणि खालचं करडं जस्त रेघेसारखं उघडं पडतं. दुसरं अक्षर दिसतंय असं वाटतं, पण भिंगाखाली ती नुसती रंगाची रेघ असते, तिला आकार नसतो. अमेरिकेचं सेंट १९८२ पासून अशा जस्ताचं व्हायला लागलं, त्यामुळे त्यानंतरच्या नाण्यांत हे विशेष दिसतं. त्यांच्यावरचे लहान फुगेही मुलाम्याखाली अडकलेल्या वायूचे असतात. टाचणीने हलकेच दाबलं तर फुगा बसतो, डायचा तुकडा उडाल्यामुळे आलेला उंचवटा बसत नाही. अर्थात महत्त्वाच्या वाटणाऱ्या नाण्यावर टाचणी लावायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक लक्षात ठेवा. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकी टांकसाळीत डाय एकाच दाबात घडवण्याची पद्धत आली. त्यानंतरचा खरा दुहेरीपणा सहसा मध्यभागाजवळ आणि बारीक असतो. अलीकडच्या सेंटवर काठाजवळच्या अक्षरांत ठळक, पसरट दुहेरीपणा दिसला तर आधी मशीन डबलिंग धरून चला.

कडेचा तुकडा नाही

पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही तर कापणारा पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो आणि चकतीला चंद्रकोरीसारखी खाच पडते. खाचेची गोलाई साधारण नाण्याच्याच गोलाईची असते, कारण ती दुसऱ्या चकतीच्या भोकाची कड आहे. पट्टीच्या टोकाशी पंच पडला तर खाच सरळ किंवा ओबडधोबड येते.

आता ठोक्याच्या वेळी काय होतं ते बघा. खाचेजवळ धातूला मोकळी जागा मिळते, तो तिकडे वाहतो. त्यामुळे खाचेलगतची अक्षरं खाचेकडे ताणली जातात, पसरतात, विरळ होतात. नंतर कापलेल्या नाण्यात असं होऊच शकत नाही: अक्षर पूर्ण उंचीचं असतं आणि जिथे कापलंय तिथे अचानक संपतं. कापलेल्या कडेवर कानशीचे किंवा करवतीचे समांतर ओरखडेही बहुधा सापडतात.

दुसरा पुरावा खाचेच्या बरोबर समोर, १८० अंशांवर असतो. काठ उचलणारं यंत्र चकतीला दोन बाजूंनी दाबतं. एका बाजूला खाच असल्याने तिथे दाब मिळत नाही आणि म्हणून समोरच्या बाजूलाही मिळत नाही. परिणामी समोरचा काठ कमकुवत किंवा नाहीसा दिसतो. याला ब्लेकस्ली इफेक्ट म्हणतात. मला हा पुरावा सगळ्यांत आवडतो, कारण नाणं कापणाऱ्याला तो आठवतच नाही, आणि आठवला तरी हाताने तो साधणं फार कठीण. मात्र लहान खाचेत हा परिणाम पुसट असतो. तो दिसला तर पारडं खरेपणाकडे झुकतं. दिसला नाही म्हणून नाणं लगेच खोटं ठरवू नका, अक्षरांचं ताणणं बघा.

उलटी, खोलगट छाप

नाण्यावर दुसऱ्या नाण्याची आरशातल्यासारखी उलटी, खोल प्रतिमा असेल तर दोनच शक्यता गंभीरपणे घ्याव्यात. आधी पाडलेलं नाणं डायला चिकटून राहिलं आणि पुढची चकती त्याच्यावर ठोकली गेली, तर ब्रोकेज तयार होतं. इथे त्या बाजूला मूळ नक्षी कधी उमटलेलीच नसते, तिच्या जागी उलटी प्रतिमाच असते.

दुसरी शक्यता: दोन तयार नाणी एकमेकांवर ठेवून पकडीत दाबली. मग मूळ नक्षी जागेवर असते आणि तिच्यावर उलटी अक्षरं खोल रुतलेली असतात. अशा नाण्याची दुसरी बाजू पाहा. पकडीचा जबडा जिथे टेकला तिथे उंच भाग चपटे आणि चमकदार झालेले असतात. ही उलटी छाप टांकसाळीतल्या ठोक्यात पडली असती तर समोरच्या डायने त्या बाजूची नक्षीही नीट उठवली असती. चपटी बाजू हा पकडीचाच ठसा आहे.

याच जातीतला पण खरा दोष म्हणजे डाय क्लॅश. मध्ये चकती नसताना दोन डाय एकमेकांवर आदळले की एकाची नक्षी दुसऱ्यावर पुसटशी उठते. नाण्यावर ती पुसट रेषांच्या रूपात, मोकळ्या सपाट भागात दिसते आणि उंच असते. पकडीतली खोल असते.

अक्षर, आकडा किंवा नक्षीचा भाग गायब

डायच्या खोलगट भागात वंगण आणि धातूचा चुरा साचला की तेवढं अक्षर नीट उठत नाही. ते हळूहळू विरत जातं, आणि त्या जागेची झळाळी शेजारच्या भागासारखीच असते. खरवडलेल्या जागी पृष्ठभाग किंचित खाली गेलेला असतो, रेषा एका दिशेने असतात, झळाळी तुटलेली असते. अमेरिकेत १९२२ साली सेंट फक्त डेन्व्हरच्या टांकसाळीत पाडले गेले, म्हणून त्या वर्षाच्या प्रत्येक सेंटवर त्या टांकसाळीची खूण असलेलं डी (D) हे अक्षर हवं. झिजलेल्या आणि भरून आलेल्या डायमुळे काहींवर ते उठलंच नाही, आणि त्यांना मागणी आहे हे पाहून इतर नाण्यांवरचे डी खरवडले गेले. अशा नाण्यात आधी ती जागा तिरक्या प्रकाशात बघायची.

१९३७ च्या डेन्व्हरच्या पाच सेंटवरचा तीन पायांचा बायसनही असाच. डाय जास्त घासला गेला आणि पुढचा एक पाय नाहीसा झाला. त्या घासण्याच्या इतर खुणाही नाण्यावर आहेत: पोटाखालून जमिनीकडे जाणारी बारीक उंच ठिपक्यांची ओळ, मागचे पाय खाल्ल्यासारखे बारीक. नुसता पाय खरवडलेल्या नाण्यात ठिपके कुठून येणार?

उलट, ब्रिटनचं २००८ चं वीस पेन्सचं वर्ष नसलेलं नाणं हे डायच्या जोडीचा गोंधळ आहे. नव्या रचनेत वर्ष काट्याकडून छाप्याकडे गेलं, पण काही नाण्यांसाठी जुना छापा आणि नवा काटा अशी जोडी लागली. त्यामुळे वर्ष कुठेच नाही. असं नाणं हाती आलं तर छाप्याची अक्षररचना जुन्या नाण्यांसारखीच आहे का ते पाहा.

रंग वेगळा आहे

एकट्या रंगावरून काहीही ठरवू नका. आग, माती, घाम, रसायनं यांनी नाणं लाल, काळं, निळं, काहीही होतं. आत तांबं आणि दोन्ही बाजूंना पांढऱ्या धातूचा थर अशा नाण्यात वरचा पांढरा थर खरोखर नसेल तर वजन स्पष्ट कमी भरतं. अमेरिकेच्या ५.६७ ग्रॅमच्या क्वार्टरमध्ये (पाव डॉलरच्या नाण्यात) प्रत्येक बाहेरचा थर जाडीच्या सुमारे एक षष्ठांश असतो, आणि एक थर गेला की वजनही साधारण तेवढंच घटतं. वजन पूर्ण असेल तर तो रंग वरवरचा आहे. ॲसिडाने थर गेला असेल तर वजन घटतं, पण मग अक्षरंही विरघळल्यासारखी आणि कड बारीक झालेली दिसते. ठोक्याआधीच थर नसेल तर अक्षरं धारदार असतात.

१९४३ च्या तांब्याच्या सेंटसाठी लोहचुंबक लागतोच. युद्धामुळे त्या वर्षी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची, २.७० ग्रॅमची नाणी पाडली होती. चुकून कांस्याच्या चकत्यांवर पडलेली मोजकी नाणी ३.११ ग्रॅमची आणि चुंबकाला न चिकटणारी आहेत. तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद चुंबकाला चिकटतं. चिकटलं नाही तरी आनंद करण्याआधी ३ या आकड्याची डावी बाजू भिंगाखाली बघा. १९४८ चा ८ कापून ३ केलेली नाणी बरीच आहेत.

काठ आणि आकाराच्या तक्रारी

कॉलरशिवाय पडलेलं नाणं रुंद असतं, त्याला दातेरी कड नसते, पण मधली नक्षी नेहमीच्याच मापाची असते. हातोडीने चपटं केलेल्या नाण्यात सगळी नक्षीच फुगते. मधल्या चित्राची रुंदी कॅलिपरने मोजा, लगेच कळेल. कपडे वाळवण्याच्या यंत्राच्या ड्रममध्ये अडकून दीर्घकाळ गडगडलेल्या नाण्याचा काठ जाड आणि गोल होतो, व्यास कमी होतो आणि काठाजवळची अक्षरं त्याखाली गिळली जातात. नाणी गुंडाळणारं यंत्र एका बाजूवर पूर्ण गोल, खोल रेघ ओढतं. या शेवटच्या दोन्हींना खूप लोक एरर समजतात.

कडेवर अक्षरं असलेल्या नाण्यांना पडसादाचा नियम लागू होत नाही, कारण काही नाण्यांत ती ठोक्यानंतर वेगळ्या यंत्रात उमटवतात. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष मालिकेच्या डॉलरमध्ये असंच आहे. म्हणून कडेची अक्षरं छाप्याच्या तुलनेत सुलटी किंवा उलटी येणं हा योगायोग आहे, दोष नव्हे. २००७ मध्ये वॉशिंग्टनच्या डॉलरवर कडेची अक्षरं राहून गेली ती मात्र खरी चूक. तिथे वजन ८.१ ग्रॅम आणि कड घासल्याच्या खुणांशिवाय असायला हवी.

दोन्हीकडे छापा असलेलं नाणं बहुतेक वेळा जादूच्या प्रयोगासाठी बनवलेलं असतं: एक नाणं आतून कोरून त्यात दुसऱ्याची तासलेली बाजू बसवतात. काठाच्या आतल्या बाजूने जोडाची बारीक रेघ शोधा. टेबलावर टाकल्यावर आवाजही बहुधा बद्द येतो.

दोन धातूंच्या नाण्यात मधला भाग सरकलेला असेल तर एकच बघा: नक्षी दोन्ही धातूंवरून सलग जाते का? सलग जात असेल तर मधला भाग ठोक्याआधीच सरकलेला होता. तुटत असेल तर तो नंतर ठोकून काढला आणि परत बसवला आहे.

तरीही ठरत नसेल तर

जाणकाराला विचारताना दोन्ही बाजूंचे सरळ फोटो, संशयाच्या जागेचा तिरक्या प्रकाशातला जवळचा फोटो, कडेचा फोटो, वजन, व्यास आणि चुंबकाचा निकाल एकत्र पाठवा. दिवा कोणत्या बाजूला होता तेही लिहा. नाणं खरोखर महत्त्वाचं वाटत असेल तर पीसीजीएस किंवा एनजीसीसारख्या संस्था ते तपासून सीलबंद केसमध्ये प्रमाणित करून देतात. नाण्याला नुकसान झालंय असा निकाल आला तर तसं नोंदवून ते परत येतं. पाठवण्यापूर्वी नाणं मऊ पीव्हीसी नसलेल्या पाकिटात ठेवा. पीव्हीसीतून निघणारी रसायनं धातूवर हिरवट, चिकट थर आणतात आणि तेही पुढे नंतरचं नुकसान म्हणूनच मोजलं जातं.